आधी ऊब, मग पाणी, शेवटी घास

कॉकटेल या पोपटवर्गीय पक्ष्याच्या पिल्लाच्या गळ्याच्या मुळाशी, कातडीच्या अगदी लगत, एक पातळ पिशवी असते. पक्षिवैद्य तिला क्रॉप म्हणतात. या लेखात तिला अन्नपिशवी म्हणू. घास पोटात गेला की ती फुगते, पिसे न फुटलेल्या कातडीतून आतले पिवळसर अन्न दिसू लागते आणि पुढच्या काही तासांत ती हळूहळू ओसरत जाते. ती ओसरली नाही, सकाळीही कालचेच अन्न तिच्यात साचलेले दिसले, तर पिल्लू आजारी आहे. त्याच्या चोचीला आंबूस वास येतो, ते मान टाकून बसते, विष्ठा कमी होते किंवा हिरवट पाण्यासारखी होते. अशा वेळी घरातली प्रेमळ माणसे हमखास एक गोष्ट करतात: पिल्लाने सकाळपासून काही खाल्ले नाही म्हणून त्याला आणखी भरवतात. पिल्लाला सर्वांत मोठा धोका या भरवण्याचाच असतो. हाताने वाढवल्या जाणाऱ्या पिल्लाचे पोट बिघडते तेव्हा दोष बहुतेक वेळा पिल्लाच्या पोटात नसतो. तो भरवण्याच्या रीतीत असतो: घास किती गरम होता, किती पातळ होता, भांडे किती स्वच्छ होते, पिल्लू किती उबेत होते, यांत. म्हणून उपचार घास थांबवण्यापासून सुरू होतो. आणि ज्याला ही रीत येत नाही त्याच्या हातात, स्वतः दाणे फोडू न लागलेले पिल्लू देणे ही या आजाराची खरी सुरुवात आहे.

हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. पूर्ण वाढलेला कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा, आणि अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम ४ ते ६ ग्रॅमचे. डोळे मिटलेले, अंगावर पिवळी लव, स्वतःची ऊब टिकवण्याची ताकद शून्य. तिथून ४-५ आठवड्यांत ते जवळपास आईबापांच्या वजनाला पोचते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या जिवाच्या पोटात एक दिवसाची गडबडही मोठी ठरते. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की जगभर पोपटांच्या पिल्लांना हाताने भरवण्याविषयी जे शास्त्रीय ज्ञान आहे, त्याचा मोठा भाग याच पक्ष्यावर उभा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संकुलात टॉम राउडीबुश आणि सी. आर. ग्राउ यांनी कॉकटेलची पिल्ले अंड्यातून निघाल्यापासून हाताने वाढवली आणि त्यांना किती पाणी, किती प्रथिने लागतात हे मोजले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचे दोन निष्कर्ष आजही उपयोगी पडतात. पहिल्या चार दिवसांत पिल्लाला जवळजवळ पाणीच हवे असते. अन्नातला घन भाग सुमारे ७ टक्के असला तर पिल्ले चांगली तगतात. त्यानंतर हेच पातळ अन्न अपुरे पडते आणि घन भाग ३० टक्क्यांच्या आसपास न्यावा लागतो. दुसरे, अन्नात २० टक्के प्रथिने असताना वाढ सर्वांत चांगली होते. म्हणजे पिल्लाचे वय बदलले की घासही बदलला पाहिजे. वय न विचारता आणलेल्या आणि डब्यावरचे प्रमाण न वाचता कालवलेल्या घासाने पोट बिघडले, तर त्यात आश्चर्य काही नाही.

आईबाप हे सगळे न मोजता करतात, मग आपण इतका हिशेब का ठेवायचा, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पक्ष्याच्या शरीरात आहे. नर आणि मादी दोघेही पिल्लांना भरवतात. ते दाणे फोडतात, आपल्या अन्नपिशवीत भिजवतात आणि ओकून पिल्लाच्या चोचीत देतात. पक्ष्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा जास्त, ४० अंश सेल्सिअसच्या वर असते, त्यामुळे तो घास आपोआप तेवढाच गरम येतो. त्यात आईबापांची लाळ, त्यांच्या पोटातले उपयोगी जंतू आणि भिजलेल्या अन्नाचे पाणी असते. पिल्लाची अन्नपिशवी रिकामी झाली नसेल तर ते मागत नाही, आणि न मागणाऱ्याला आईबाप भरवत नाहीत. सिरिंज हातात घेतलेला माणूस यातले एकही काम आपोआप करू शकत नाही. घास कालवताना ४० अंशांचा असतो, बोलत बोलत चोचीपाशी नेईपर्यंत ३५ वर येतो. थंड घास पिल्लू नाकारते, किंवा घेतलाच तर त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते. उलट बाजूला, मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या घासात मधेच एखादा उकळता ठिपका राहतो. ४३-४४ अंशांपुढचा घास अन्नपिशवीची आतली बाजू भाजू शकतो आणि ही भाज लगेच दिसत नाही. कित्येकदा आठवड्याभराने गळ्यावर खपली धरते, ती पडते, आणि भरवलेले अन्न मानेतून बाहेर पाझरू लागते. तेव्हा घरच्यांना वाटते की अचानक काहीतरी झाले. ३९ ते ४१ अंश हा घासाचा पट्टा आहे. बोटाने किंवा मनगटाने तो कळत नाही. त्याला स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर लागतो, आणि वाटीभर घासासाठी बाहेर गरम पाण्याचे मोठे भांडे.

नागपुरात हा हिशेब आणखी कठीण होतो, कारण इथली हवा पिल्लाच्या गरजेच्या दोन्ही टोकांना जाते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले. मे महिन्यात ४५ ओलांडणे हा इथल्या कोणत्याही घराला नवलाचा प्रसंग नाही. पिसे न फुटलेल्या पिल्लाला सुरुवातीला ३५-३६ अंशांची पेटी लागते, पिसांचे कोंब दिसू लागले की ३० च्या आसपास, आणि पूर्ण पिसांचे झाले की २५-२६ पुरते. डिसेंबरातल्या रात्री खोलीत १४ अंश असताना बंद खोक्यात गुंडाळलेले फडके म्हणजे ऊब नव्हे. स्वतःची उष्णता निर्माण न करणाऱ्या जिवाला फडके गरम ठेवू शकत नाही. आणि उन्हाळ्यात अडचण वेगळी. पिल्लाला उन्हाळा मानवेल असे वाटते, पण घरात कूलर चालू असतो. त्याचा ओला वारा थेट पिंजऱ्यावर येतो, ओलसर खोलीत बुरशी वाढते आणि सकाळी कालवलेला घास दुपारपर्यंत आंबतो. मृगाचा पाऊस पडल्यावर डब्यातल्या राळ्याला आणि बाजरीला बुरशी धरते ती वेगळीच. समजूतदार पक्षी पाळणारे कडक उन्हाळ्यात अंड्यांच्या पेट्या काढून ठेवतात, जोड्यांना विसावा देतात. जे ठेवत नाहीत, त्यांच्याकडची पिल्ले एप्रिल-मेमध्ये बाजारात येतात आणि नेमक्या सर्वांत वाईट महिन्यात नव्या घरी पोचतात.

आता मूळ मुद्द्याकडे. अन्नपिशवी थांबलेल्या पिल्लासाठी क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, शेवटी घास. हा क्रम आवडीनिवडीचा नाही, शरीराच्या कामाचा आहे. गार पडलेल्या पक्ष्याच्या आतड्यांच्या भिंतींची लयबद्ध हालचाल मंदावते. ती सुरू झाल्याशिवाय पिशवीतले काही पुढे सरकणार नाही. म्हणून आजारी पिल्लाला आधी २९ ते ३२ अंशांच्या पेटीत ठेवायचे. वय फार कमी असेल तर त्याहून उबदार. पेटीत थर्मामीटर पिल्लाच्या उंचीवर ठेवायचा, झाकणाला चिकटवायचा नाही. पिल्लू चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल तर पेटी जास्त गरम आहे. आखडून, पिसे फुगवून बसले असेल तर गार आहे. ऊब आली की दुसरा प्रश्न पाण्याचा. पाणी आटलेल्या पिल्लाची कातडी लालसर आणि सुरकुतलेली दिसते, डोळे खोल जातात, विष्ठा वाळते. अशा पिल्लाच्या पोटात दाट घास गेला तर पोट त्यातले पाणी ओढून घेते आणि मागे उरतो तो कणकेच्या गोळ्यासारखा लगदा, जो कुठेच जात नाही. वैद्य अशा वेळी त्वचेखाली सलाईन देतात, कारण बंद पडलेल्या पोटातून पाणी शोषले जाईलच असे नाही. थोडे कोमट क्षारयुक्त पाणी चोचीने देणे हा दुसरा मार्ग आहे, पण किती आणि कशाचे, हे पिल्लू तपासलेल्या वैद्याने ठरवायचे. पिशवी ओसरली, विष्ठा आली, पिल्लू मान वर करून मागू लागले, मगच तिसरी पायरी: नेहमीपेक्षा पातळ, थोडा आणि वारंवार घास.

इथे घरोघरी ऐकू येणारा आक्षेप येतो. पिल्लू एवढेसे, पन्नास ग्रॅमचे. सहा तास उपाशी ठेवले तर मरणार नाही का? भीती समजण्यासारखी आहे, आणि निरोगी पिल्लाच्या बाबतीत काही अंशी खरीही आहे. लहान वयाच्या पिल्लाला दर ३-४ तासांनी घास हवा असतो. पण ज्याची अन्नपिशवी भरलेली आहे ते पिल्लू उपाशी नाही. त्याच्याकडे अन्न आहे, ते पुढे सरकत नाही एवढेच. वरून नवे घातले तर जुने आंबलेले अन्न नव्याला आंबवते, यीस्ट आणि जंतू वाढतात, पिशवी ताणून सैल होते, आणि ताणलेली पिशवी आणखी मंद होते. शिवाय काठोकाठ भरलेल्या पिशवीतून अन्न उलटून घशात येते आणि श्वासनळीत उतरते. त्यानंतर पिल्लू न्यूमोनियाने जाते आणि घरी समजूत राहते की भुकेने गेले. म्हणूनच एक साधा नियम पक्षिवैद्य आग्रहाने सांगतात: चोवीस तासांत एकदा तरी, बहुधा रात्रीच्या विश्रांतीत, अन्नपिशवी पूर्ण रिकामी झाली पाहिजे. सकाळी पहिल्या घासापूर्वी बोटाने हलकेच चाचपून पाहायचे आणि पिल्लाचे ग्रॅममध्ये वजन करायचे. एका वेळचा घास वजनाच्या सुमारे १० टक्के. ५० ग्रॅमच्या पिल्लाला ५ मिलिलीटर. त्याहून जास्त नाही, ते कितीही ओरडले तरी. ग्रॅम मोजणारा काटा शंभर-दोनशे रुपयांच्या पिंजऱ्याच्या खेळण्यांपेक्षा कितीतरी अधिक आवश्यक आहे, आणि पिल्लासोबत तो विकला जात नाही, याची मला खंत वाटते.

वजनाच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, नाहीतर काटाच घात करील. पिल्लू ४-५ आठवड्यांचे झाले, पिसे पूर्ण आली आणि पंख फडफडवू लागले, की ते स्वतःहून घास कमी करते आणि त्याचे वजन १० टक्क्यांच्या आसपास उतरते. उडण्यासाठी अंग हलके करण्याची ही नैसर्गिक पायरी आहे. नवख्या माणसाला यात आजार दिसतो आणि तो बळजबरीने सिरिंज चोचीत घालतो. मग पिल्लू डोके झटकते आणि घास चुकीच्या नळीत जातो. जिभेच्या मागे श्वासनळीचे तोंड उघडेच असते. पिल्लू मान वरखाली करत मागते, तेव्हाच ते नीट बंद होते आणि घास अन्ननलिकेत जातो. अन्ननलिका पक्ष्याच्या मानेच्या उजव्या बाजूने जाते, म्हणून सिरिंजचे टोक पक्ष्याच्या डाव्या बाजूने चोचीत घालून उजवीकडे रोखायचे असते. मागत नसलेल्या पिल्लाला भरवायचे नाही, हा नियम दयेचा वाटला नाही तरी दयेचाच आहे. निरोगी, चपळ, चमकदार डोळ्यांचे पिल्लू घास नाकारत असेल तर त्याच्यासमोर भिजवलेली बाजरी, कोथिंबीर, उकडलेला मका ठेवायचा. मलूल, फुगून बसलेले पिल्लू नाकारत असेल तर वैद्याकडे न्यायचे. दोन्ही नकार सारखे नाहीत.

घरगुती उपायांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्यांनी होणारे नुकसान सद्भावनेने होते. दूध-पोळी, बेसनाचे पाणी, लहान मुलांचे डब्यातले गोड पीठ, ग्लुकोजची पूड, मध: हे सगळे पिल्लांना दिले जाते. पक्ष्यांना दुधातली साखर नीट पचवता येत नाही. ती आतड्यात आंबते आणि जुलाब होतात. गोड पदार्थ कँडिडा या यीस्टचे आवडते खाद्य आहे, आणि अन्नपिशवी आंबण्यामागे बहुधा तीच असते. साचलेली पिशवी रिकामी करण्यासाठी पिल्लाला उलटे धरून दाबण्याचा उपाय तर जीवघेणा आहे. त्यातून अन्न थेट फुप्फुसात जाते. वैद्य नळीने ती धुऊन काढतात, आणि त्यातल्या थेंबाचा सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाहतात. तो थेंब पाहणे हेच उपचाराचे हृदय आहे. यीस्ट आहे की जंतू, की परजीवी, हे त्यातून कळते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकने यीस्टचा आजार उलट वाढतो, कारण तिला आवर घालणारे जंतू औषध मारून टाकते. या गोंधळाचा एक मोठा धडा पक्षिवैद्यकाच्या इतिहासात आहे. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या जठरात राहणाऱ्या एका लांब दांड्यासारख्या जिवाला कित्येक वर्षे महाकाय जिवाणू समजून मेगाबॅक्टेरिया म्हटले जात होते. २००३ साली तो यीस्ट असल्याचे सिद्ध झाले आणि त्याचे मॅक्रोऱ्हॅब्डस असे नवे नाव पडले. तज्ज्ञांनाही कल्चर, रंग देऊन तपासणी आणि जनुकांचा अभ्यास लागला, तिथे वास घेऊन औषध ठरवणाऱ्या विक्रेत्याचा सल्ला किती विश्वासाचा? विषाणूही आहेतच, काही पिल्ले पॉलिओमा किंवा बोर्ना विषाणूने जातात आणि तिथे माणसाचा काही दोष नसतो. हे मान्य केलेच पाहिजे. पण ते ओळखायलाही तपासणीच लागते. आणि क्लॅमिडिया सिटासी हा जंतू पक्ष्याकडून माणसाला होतो, ताप आणि न्यूमोनिया करतो, म्हणून आजारी पिल्लाला हाताळल्यावर हात धुणे, पिंजरा ओला करून पुसणे आणि घरात कोणाला खोकला-ताप आला तर डॉक्टरांना पक्ष्याविषयी सांगणे, हे पिल्लाइतकेच घरच्यांसाठी आवश्यक आहे.

या बाबतीत नागपूर विदर्भात सुदैवी आहे. सेमिनरी हिल्सवरचे नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे, आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. जखमी आणि आजारी वन्यजीवांसाठी वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरही सेमिनरी हिल्सलाच आहे. तिथे वन्य पक्षी-प्राण्यांवर उपचार होतात, पाळीव कॉकटेलवर नाही. हा फरक लक्षात ठेवावा. पण या दोन्ही जागांचा विचार मी मुद्दाम एकत्र करतो, कारण मार्च-एप्रिलमध्ये झाडाच्या ढोलीतून पडलेली आपल्या देशी पोपटाची पिल्लेही नेमकी याच पद्धतीने घरी मारली जातात: गार पडलेल्या पिल्लाला दूध-पोळी. देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ते पिल्लू सापडले तर उबदार खोक्यात ठेवून, चोचीत काहीही न घालता, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे. कॉकटेलच्या पिल्लासाठी हाच क्रम लागू होतो, फक्त पत्ता वेगळा.

यावर आणखी एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. नागपुरात महाविद्यालय आहे, पण गडचिरोलीत, गोंदियात, यवतमाळच्या एखाद्या तालुक्यात पक्ष्यांचे जाणकार वैद्य कुठून आणायचे? रात्री दहा वाजता पिल्लाची पिशवी आंबली तर माणसाने काय करावे? प्रश्नाचा पहिला भाग सोडवण्यासाठी फोनवरचा सल्ला काही मदत करील, आणि ऊब देण्याचे काम तर कोणालाही करता येते. ४० वॅटचा बल्ब, थर्माकोलचे खोके आणि थर्मामीटर तालुक्याच्या गावीही मिळतात. पण खरे उत्तर वेगळे आहे. जिथे वैद्य नाही तिथे हाताने भरवण्याचे पिल्लू जाताच कामा नये. वैद्याची कमतरता हे घरगुती प्रयोगांचे समर्थन होऊ शकत नाही. ते विक्री थांबवण्याचे कारण आहे.

इथे विक्रेत्यांचा आणि हौशी मंडळींचा सर्वांत मोठा युक्तिवाद उभा राहतो: पिल्लू लहानपणी हाताने भरवले नाही तर ते माणसाळत नाही. हाच समज साऱ्या व्यवहाराचा पाया आहे. दुकानात ‘हँडफीड पिल्लू’ अशी जाहिरात होते, आणि ग्राहकाला वाटते की भरवण्याचे काम आपण केले तर नाते अधिक घट्ट होईल. पुरावा मात्र तसे सांगत नाही. डेव्हिसमध्येच एन्गस आणि मिलम यांनी १९९९ साली नारिंगी पंखांच्या अ‍ॅमेझॉन पोपटांवर केलेल्या अभ्यासात पिल्ले आईबापांकडेच ठेवली आणि फक्त रोज थोडा वेळ हाताळली. ती पिल्ले माणसाळली. म्हणजे माणसाळण्यासाठी हात लागतो, सिरिंज नाही. आणि सिरिंजची किंमतही असते. मायर्स, मिलम, राउडीबुश आणि ग्राउ यांनी १९८८ साली खुद्द कॉकटेलची तुलना केली: हाताने वाढवलेले आणि आईबापांनी वाढवलेले. हाताने वाढवलेले नर घरट्याच्या पेटीत कमी रस घेत आणि त्यांच्या जोड्यांची अंडी फलित होण्याचे प्रमाण कमी होते. हाताने वाढवलेल्या माद्या अंडी जास्त देत, पण ती अनेकदा पेटीऐवजी पिंजऱ्याच्या तळावर घालत. ज्यांना पुढची पिढी वाढवायची आहे त्या व्यावसायिकांनी तरी हे वाचून विचार करावा.

काही वेळा हाताने भरवणे टाळता येत नाही, हे मी नाकारत नाही. आई दगावते, जोडी पिल्लांना टाकते, किंवा सहा पिल्लांच्या गर्दीत सर्वांत धाकटे मागे पडते. अशा पिल्लाला वाचवायचे तर माणसाचाच हात हवा. पण तो हात अनुभवी पाळणाऱ्याचा असावा, ज्याच्याकडे पेटी, काटा, थर्मामीटर आणि वैद्याचा फोन आहे, आणि ते पिल्लू स्वतः खाऊ लागेपर्यंत त्याच्याकडेच राहावे. उत्पन्नाचा प्रश्नही खरा आहे. घरच्या घरी चार जोड्या ठेवून महिन्याचा खर्च भागवणारी माणसे आहेत आणि पिल्लू आठवडाभर आधी विकले तर दाण्याचा आणि वेळेचा खर्च वाचतो. पण तो वाचलेला खर्च ग्राहकाच्या घरी पिल्लाच्या जिवाने भरला जातो. चांगला पाळणारा तो आठवडा आपल्याकडे ठेवतो, वजनाची नोंद देतो आणि त्याची थोडी जास्त किंमत मागतो. ग्राहकाने ती द्यावी.

कायद्याची स्थिती समजून घेतली तर ही जबाबदारी ग्राहकावर का येते तेही कळते. परदेशी पक्ष्यांवर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नोंदणी नियमांनंतर बरेच लक्ष आले आहे, पण ते लक्ष वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांतल्या जातींवर आहे. पोपटवर्गातल्या जवळपास सर्व जाती त्या परिशिष्टांत आहेत; कॉकटेल, बजरीगर, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला देशी पोपट हे मोजके अपवाद. म्हणून कॉकटेल त्या नोंदणीच्या जाळ्याबाहेर राहतो. २०१८ चे पेट शॉप नियम दुकानदाराला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक करतात, पण घरातून फोनवर होणारी विक्री त्या नोंदणीत क्वचितच येते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्वतः खाऊ न लागलेले पोपटवर्गीय पिल्लू ग्राहकाला विकण्यावर बंधन आहे. महाराष्ट्राच्या पशुकल्याण मंडळाने नोंदणीची अट म्हणून एवढेच घातले, की दुकानातून बाहेर जाणारे पिल्लू दाणे फोडून स्वतः खाते हे विक्रेत्याने दाखवावे आणि पावतीवर त्याचे वजन लिहावे, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. खर्चही लागणार नाही.

तोवर ही अट प्रत्येक घराने स्वतः घालावी. कॉकटेल आणायचाच असेल तर दुकानात तीन दिवस जाऊन पिल्लाचे वजन पाहा, ते समोर राळे फोडते का पाहा, त्याची अन्नपिशवी सकाळी रिकामी असते का ते विचारा. विक्रेता सिरिंज आणि पुडी हातात देऊन ‘सोपे असते, तुम्हाला जमेल’ म्हणत असेल, तर ते पिल्लू घेऊ नका.